पाणी मोरबेचंच आहे, मासे मरतात ते दुसऱ्याच कारणाने

तुम्हाला सानपाड्याच्या गच्चीत १००० लिटरची टाकी ठेवून चिलापी (तिलापिया मासे) आणि पालेभाज्या घ्यायच्या आहेत, म्हणजे ॲक्वापोनिक्स: टाकीतलं माशांचं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवायचं आणि त्यावरच भाज्या वाढवायच्या. शेवटी सहज विचारलंय, "नवी मुंबईच्या नळाच्या पाण्यात मासे जगत नाहीत म्हणतात, खरं का?" मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलेय. बाकीचं जमेल तसं.

हे वाक्य आमच्या घरात दर गणपतीला निघतं. माझे धाकटे दीर तुमच्याच भागात राहतात, आम्ही नेरुळला. भावोजींनी एका शिबिरातून तयार संच आणला आणि येतानाच गोल्डफिशही घेऊन आले. सकाळी टाकी भरली, संध्याकाळी मासे आत. वाफ्यात पांढरी संगमरवरी खडी, कारण दिसायला छान. मी शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. म्हटलं, महिनाभर थांबा, आधी जिवाणू तयार होऊ देत. तर म्हणाले, "वहिनी, ही तुमची शाळेची लॅब नाही."

आठवडा उलटायच्या आत मासे वर येऊन तोंडं वासायला लागले, मग एकेक उलटा. लगेच निकाल लागला: पाण्यात क्लोरीन. अहो, क्लोरीन घालवणारे अँटीक्लोरीनचे थेंब त्यांनी स्वतःच्या हाताने घातले होते! मी माझा चाचणी संच घेऊन गेले. माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाचा रंग गडद हिरवा, म्हणजे भरपूर, आणि पीएच ८ च्या वर. आमच्या नळाच्या पाण्याचा पीएच त्याच थेंबांनी तपासला, तो बराच खाली होता. मग वाढवला कोणी? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते पाण्यात हळूहळू विरघळतं आणि पीएच वर नेतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ नऊ-दहापट होतो. मे महिन्याच्या गरम पाण्यात आणखी जास्त. म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू नाहीत, वर हा पीएच. हे सगळं कागदावर लिहून मी त्यांच्या फ्रिजवर चिकटवून आले, तरी आजही दोष पाण्यालाच.

माझी टाकी त्याच मोरबेच्या, म्हणजे नवी मुंबईला पाणी देणाऱ्या धरणाच्या, पाण्यावर चालते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवते, हवेचा पंप लावते, आणि कधीही एकदम सगळं पाणी बदलत नाही. वाफ्यात साधी काळी खडी, वीस एमएमची, धुतलेली. आपला काळा पाषाण पाण्याला काही करत नाही. खडीवर व्हिनेगर टाका, फेस आला तर दुकानदाराला परत.

सुरुवातीला एखाद्या ओळखीच्याच्या चालत्या टाकीतला फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा, विरजणासारखा. तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. चार-पाच गप्पी सोडा, अगदी चिमूटभर खाणं द्या. आधी अमोनिया चढतो, तो उतरताना नायट्राइट चढतं, आणि दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट, म्हणजे भाज्यांचं खत, दिसलं की गाडी रुळावर आली. चार ते सहा आठवडे धरा. ज्यांना एवढा दम नाही त्यांनी कुंडीत कोथिंबीर लावावी.

चिलापीचा नाद सोडा. भारतात ही जात वाढवायला परवानगी लागते, गच्चीत चालून जाईल असं समजू नका. गप्पी, गोल्डफिश, कोई पुरे. खायचे मासे दिवाळे गावच्या कोळणींकडून घ्या. भाज्यांत अळू, पुदिना, माठ जोरात येतात. पालक थंडीतच. टोमॅटोला पोटॅश लागतं, ते माशांच्या खाण्यातून पुरेसं मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी, चिलेटेड आयर्न (झाडांना पाण्यातून घेता येईल असं लोह) द्या. लाईट गेली की पंप बंद, मासे दाट असतील तर काही तासांत खेळ खलास, तेव्हा बॅटरीवरचा हवापंप घेऊनच ठेवा.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: १००० लिटर म्हणजे एक टन, खडी वेगळी. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो धरून बांधतात, आणि तुमची टाकी जेमतेम चौरस मीटरभर जागेत उभी राहणार. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमने सुरुवात करा, तोही बीमच्या वर. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या भंगारवाल्यांकडे असे ड्रम स्वस्तात मिळतात, पण आत आधी काय होतं ते सांगता येत नसेल तर घेऊ नका. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि एकदा इंजिनिअरला दाखवा. भावोजीही इंजिनिअरच आहेत, पण मेकॅनिकल. तुम्ही स्ट्रक्चरलवाला गाठा.