पिंपळगाव ब. म्हणजे नेमकं कुठलं?

पावत्यांच्या एक्सेलमध्ये गावांची नावं प्रत्येकाने आपापल्या तऱ्हेने टाकलीत, ती एकसारखी करायला रेगेक्स (ठरलेल्या साच्यावरून मजकूर शोधणं) घेऊ की फझी मॅचिंग (थोडी वेगळी लिहिलेली नावं जवळपास सारखी म्हणून जुळवणं), असं विचारलंय तुम्ही. कॉलम बघून ठरवा.

गाडी नंबर, पिनकोड, मोबाइल यांना साचा ठरलेला आहे, तिथे रेगेक्सच. फझीला तिकडे फिरकूही देऊ नका. एमएच १५ च्या दोन गाड्यांत शेवटचा एकच आकडा वेगळा असला, तरी फझी म्हणणार ९० टक्के जुळलं. आणि माल दुसऱ्याच्याच पिकअपवर चढलेला!

गावांचं तसं नाही. लासलगाव आणि लासलगांव यांत एका अनुस्वाराचा फरक, म्हणजे लेवेनश्टाइन अंतर (एका नावाचं दुसरं करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ती संख्या) १. सिन्नर आणि सिनर यांत मात्र २, कारण हलन्तही वेगळं अक्षर म्हणून मोजला जातो. नाव छोटं, त्यामुळे जुळणी ६७ टक्क्यांवर येते. आता पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव बहुला घ्या. पहिलं निफाड तालुक्यातलं, दुसरं सातपूरकडचं. अंतर ४, पण नाव लांब असल्याने जुळणी ७१ टक्के. म्हणजे चुकीची जोडी बरोबर जोडीच्या वर! कुठलाही एक कटऑफ लावा, कोणीतरी गोत्यात येणारच.

त्यात कोणी नुसतं ‘पिंपळगाव ब.’ लिहिलं असेल तर दोन्हीपासून अंतर नेमकं ४. इथे अल्गोरिदम बदलून काही होत नाही, तालुक्याचा कॉलम बघावा लागतो.

म्हणून फझीकडून फक्त सुचवण्या घ्या, निर्णय नको. आधी युनिकोड नॉर्मलाइझ करा (एकच अक्षर संगणकात वेगवेगळ्या तऱ्हेने साठलं असेल ते एकसारखं करा), जास्तीच्या स्पेस काढा. मग सगळ्या ओळींवर नाही, फक्त वेगवेगळ्या नावांच्या यादीवर रॅपिडफझ (फझी मॅचिंगची पायथन लायब्ररी) चालवा. प्रत्येक नावापुढे पहिले तीन पर्याय छापा आणि यादी तालुका पाठ असलेल्या माणसाला द्या. तुमचा जुना दिवाणजी हे काम चहा संपायच्या आत करेल. त्याने टिक केलेल्या जोड्या एका टेबलात ठेवा. पुढच्या महिन्यापासून आधी टेबल, तिथे नाही सापडलं तरच फझी.

आणखी एक. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू (‘कुठलंही अक्षर किंवा आकडा’ अशी खूण) मराठीवर वापरू नका. त्याला काना-वेलांटी अक्षर वाटत नाही, ‘नाशिक’चे न, श, क असे तीन तुकडे पाडतो. चौकटी कंसात देवनागरीची युनिकोड रेंज द्या. बॅकस्लॅश-डी (‘कुठलाही आकडा’ अशी खूण) मात्र मराठी आकडेही धरतो, तेव्हा ४२२ ने सुरू होणारा पिनकोड शोधताना आधी आकडे एकाच लिपीत आणा.