नकाराची तारीख

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वाडा पाडायला काढला तेव्हा, 2016 मध्ये, वडिलांकडचं वेरूळच्या लेण्यांचं जुनं चित्रपुस्तक त्यांनी वडिलांच्या पुण्यातल्या संग्राहक मित्राकडे ठेवलं. 'सांभाळण्यासाठी घेतले' अशी त्या मित्राच्या सहीची चिठ्ठी आहे. वडील 2021 मध्ये गेले. पुस्तक परत मागितल्यावर 20 ऑगस्ट 2024 रोजी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, 'ते तुमच्या वडिलांनी मला देऊन टाकलंय.' मग नातेवाईक मध्ये घालून झाले. आता कानावर येतंय की चित्रं सुटी करून, चौकटीत बसवून विकायची तयारी चालू आहे. वाचक विचारतात, वकिलाची नोटीस दिली की मुदत नव्याने सुरू होईल ना?

होणार नाही. अशा अर्थाची पत्रं मला सतत येतात, कधी दागिन्यांबद्दल, कधी तंबोऱ्याबद्दल, आणि गैरसमज प्रत्येक वेळी हाच असतो. विश्वासाने ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याची मुदत परिसीमा अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 70 मध्ये आहे: मागणी केल्यावर नकार मिळाला त्या तारखेपासून तीन वर्षं. 2016 पासून किती वर्षं गेली याला इथे महत्त्व नाही, आणि हे तुमच्या फायद्याचंच आहे. पण पहिला स्पष्ट नकार आला की मुदत धावू लागते. नंतर दहा नोटिसा दिल्या तरी ती थांबत नाही, कलम 9 तेच सांगतं. तुमची मुदत 20 ऑगस्ट 2027 ला संपते. त्यानंतर कलम 27 लागू होतं, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. मुदत गेली की दावा करण्याची वाट तर बंद होतेच, शिवाय वस्तूवरचा हक्कच संपतो. तुमच्या वडिलांचं पुस्तक कायद्याने तुमचं राहणार नाही.

नातेवाइकांपुढे तो गृहस्थ 'बघू, देऊ' म्हणाला, याचा उपयोग नाही. मुदत संपायच्या आत त्याने पुस्तक तुमचं असल्याचं सहीनिशी लिहून दिलं, तरच कलम 18 प्रमाणे नवी मुदत मिळते. तो ते देईल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

तुम्ही लिहिता, 'मध्यंतरी फोन बदलला, जुना मुलाकडे आहे.' तो आजच ताब्यात घ्या आणि काही पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे संदेश कोणत्या फोनमधून कसा काढला याचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय त्याची छापील प्रत कोर्टात टिकणं कठीण आहे. चिठ्ठीची मूळ प्रत 'कुठेतरी कपाटात असेल' हे वाचून मला खरंच राग आला. जंगम वस्तूचं बक्षीस, म्हणजे ती कायमची देऊन टाकणं, नोंदणीशिवाय, नुसता ताबा देऊनही होतं. समोरचा त्याचाच आधार घेणार, आणि त्याला उत्तर ती चिठ्ठी आहे. कपाट रिकामं करा.

पुस्तकाबद्दलही नीट लिहा. तुमच्या वर्णनावरून ते 1803 मध्ये लंडनला निघालेलं, 24 दृश्यांचं पुस्तक आहे. चित्रं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. तो 1791 ला मुंबईत आला, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रंगला आणि 1795 ला भारतातच वारला. छपाईसाठी ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरण्याचं काम नंतर थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने करून घेतलं. अखंड प्रत फोडून एकेक चित्र विकण्याचा उद्योग जगभर चालतो, आणि एकदा विखुरलेली प्रत परत जुळवता येत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 8 चा आधार इथेच मिळतो: पैशांनी भरपाई होत नाही, म्हणून वस्तूच परत हवी. पण ती प्रत तुमचीच, हे ओळखता आलं पाहिजे. वडिलांचा शिक्का, डागाळलेलं पान, जुना फोटो, जे असेल ते दाव्यात घाला.

दावा पुण्यात, आणि त्याच दिवशी दोन अर्ज: चित्रं सुटी करण्यास व विकण्यास तात्पुरती मनाई, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 7 खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस, पाठवून पानांची मोजदाद. मूळ दाव्याच्या निकालाला किती वर्षं लागतील ते विचारू नका, आपल्या दिवाणी न्यायालयांची गती लाज वाटावी अशी आहे. म्हणूनच मनाई आधी.

बहीणही वारस आहे, तिला वादी करा. फौजदारी तक्रार करता येईल, पण ठाण्यात 'दिवाणी मामला' ऐकून परतावं लागण्याची शक्यता बरीच. एखादं चित्र विकलं गेलंच असेल, तर सामान्यतः घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही. विक्री कळल्याची तारीख मात्र लिहून ठेवा. पुस्तक हाती आल्यावर लंडनला पाठवायचं म्हणता. 1972 च्या पुरावशेष कायद्यात ते बसतं का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घेतल्याशिवाय पाकीट बांधू नका.

नोटीस द्यायची तर पंधरा दिवसांची द्या, आणि तेवढ्यात दाव्याचा मसुदा तयार ठेवा.