प्राचीन गॉलिश भाषेचं आज काही उरलं आहे का?

ग्रंथ एकही नाही, कोरीव लेख मात्र शेकडो आहेत. गॉलिश ही आजच्या फ्रान्समधली जुनी केल्टिक, म्हणजे आयरिश-वेल्शच्या कुळातली, भाषा. स्पेनमधली केल्टिबेरियन आणि उत्तर इटलीतली लेपोंटिक या तिच्या बहिणी. १८९७ साली कोलिन्यी इथं काशाच्या पत्र्यावर कोरलेलं पंचांग सापडलं, त्यात चक्क अधिक महिनेही आहेत! मला मात्र दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रोफझांकच्या कुंभारांचे हिशेब जास्त आवडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणाची किती भांडी भट्टीत लागली, हे त्यांनी थाळ्यांवरच कोरून ठेवलं. भट्ट्यांचे क्रमांक बघा: 'त्रितोस', 'नामेतोस', 'देकामेतोस'. म्हणजे तिसरी, नववी, दहावी. आपल्या तृतीय, नवम, दशमशी इंडो-युरोपीय, म्हणजे युरोपपासून भारतापर्यंत पसरलेल्या एकाच भाषाकुळातली, भावकीच आहे ही.