वॉरक्राफ्ट या व्हिडिओ गेममधला शमन (निसर्गातल्या आत्म्यांशी बोलणारा) सगळ्या सजीवांशी जोडलेला असतो म्हणजे नेमकं काय?
पृथ्वी, वारा, आग, पाणी ही चार तत्त्वं गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. खरी गंमत पाचव्यात आहे. ऑर्क (गेममधली एक लढवय्यी जमात) त्याला रानाचा आत्मा म्हणतात. झाडापासून लांडग्यापर्यंत जे जे जिवंत, ते त्यात ओवलेलं. थ्रॉल हा तरुण ऑर्क म्हाताऱ्या शमन ड्रेकथारकडे शिकला तेव्हा हे पाचही आत्मे त्याला भेटले.

पण शमन हुकूम सोडत नाही, मागतो. नकार आला तर गप्प बसायचं! (मेज, म्हणजे जादूगार लोकांना ही सवय नाही, म्हणून ते मला जरा उद्धटच वाटतात.) ऑर्कांनी ड्रेनाय या दुसऱ्या जमातीवर विनाकारण युद्ध लादलं, तेव्हा तत्त्वांनी त्यांच्या शमनांना ओ देणंच बंद केलं. मग गुलदान या ऑर्कने त्यांना वॉरलॉकची, म्हणजे राक्षसी शक्तीची जादू शिकवली आणि ड्रेनॉरची, म्हणजे त्यांच्या जगाची जमीन करपत गेली.