पापणीचा फोटो काढायचा, तर तो हातात घेऊनच या

ताई, तुम्ही परतूरहून लिहिलंय. दिवसभर सेतू केंद्रात स्क्रीनपुढं बसणं, दुपारनंतर डोळे खुपणं, गाडीवर बसलं की घळाघळा पाणी, सकाळी चिकटलेल्या पापण्या. दोन वर्षं 'ॲलर्जी आहे' म्हणून एका बाटलीनंतर दुसरी बाटली. आणि आता संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मायबोग्राफी, म्हणजे पापण्यांतल्या ग्रंथींचा फोटो, काढायला सांगितलाय. तो खरंच लागतो की नुसता मशीनचा धंदा आहे, आणि दुखतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी मानवतला एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेब बघतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की रुई हवेत, कॉम्प्युटरवर कापसाच्या हिशेबाच्या पट्ट्या बनवायचं काम रात्रीपर्यंत, वर पंख्याचा झोत. तुमच्या पोस्टमधली ओळ न ओळ माझी वाटली, म्हणून जरा लांबच लिहितोय. मी डॉक्टर नाही. डोळ्यात जोराचा ठणका असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर अचानक कमी झाली असेल तर हे वाचत बसू नका, आजच डॉक्टरांकडं जा. पाणी प्या, मोबाइल कमी बघा, पापण्या मिटत राहा हे तुम्हाला सगळ्यांनी सांगून झालं असणार, ते सोडून देतो.

फोटो काढा. दुखत नाही. कुसळ काढताना पापणी उलटवतात तेवढंच करतात आणि डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात कॅमेऱ्यानं आतल्या बाजूचा फोटो घेतात. सुई नाही, बुबुळाला हात लागत नाही, काही मिनिटांत चारही पापण्या होतात. पूर्वी पापणीच्या मागून दिवा धरून हे बघायचे, त्याचा त्रास व्हायचा. जपानच्या डॉ. रेइको आरिता यांनी २००८ मध्ये स्पर्श न करता फोटो काढायची पद्धत मांडली, तेव्हापासून हे सोपं झालं.

'पाणी येतंय म्हणजे डोळा कोरडा कसा?' हे मला मेडिकलवाल्यानंही सुनावलं होतं. अश्रूंच्या वर तेलाचा अगदी पातळ थर असतो. ते तेल पापणीच्या कडेला उघडणाऱ्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. तेल कमी पडलं किंवा घट्ट होऊन अडकलं की अश्रू भराभर उडून जातात, बुबुळ उघडं पडतं, टोचायला लागतं आणि त्यावर उपाय म्हणून डोळा एकदम पाणी सोडतो. ते पाणी गालावर येतं, डोळ्यावर टिकत नाही. आपल्याकडं मार्चपासून जी कोरडी झळ सुरू होते तिच्यात हा त्रास दुप्पट वाटतो. त्यात पंखा किंवा कूलर थेट तोंडावर असला तर विचारूच नका.

फोटोत निरोगी ग्रंथी करड्या भागावर उभ्या पांढरट रेघांसारख्या दिसतात, वरच्या पापणीत लांब आणि बारीक, खालच्या पापणीत आखूड आणि रुंद. माझा खालच्या पापणीचा फोटो डॉक्टरांनी स्क्रीनवर मोठा करून दाखवला. डावीकडं रेघा होत्या, मधे त्या वाकड्यातिकड्या आणि तुटक झाल्या होत्या, आणि पुढं एका मोठ्या पट्ट्यात काहीच नव्हतं, नुसता करडा रंग. तिथल्या ग्रंथी गेलेल्या. हे किती गेलं त्यावरून प्रत्येक पापणीला ० ते ३ असा अंक देतात: काहीच गेलं नसेल तर ०, एक तृतीयांशपेक्षा कमी गेलं तर १, दोन तृतीयांशपर्यंत २, त्याहून जास्त ३. एका डोळ्याच्या दोन पापण्या मिळून ० ते ६. याला मायबोस्कोर म्हणतात.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे माझं जे काही नुकसान झालं ते या एका अंकापायी.

मी पहिला फोटो एका मोठ्या खाजगी रुग्णालयात काढला. नाव लिहीत नाही, विचारूही नका. तिथं टेक्निशियननं फोटो काढले, डॉक्टरांनी स्क्रीनकडं बघितलं आणि माझ्या हातात एक चिठ्ठी आली. 'मायबोस्कोर २' एवढंच. कोणता डोळा, वरची पापणी की खालची, काही नाही. फोटो मागितला तर म्हणाले, 'आमच्या सिस्टिमला आहे, पुढच्या वेळी तुलना करू.' मी ती चिठ्ठी आणि थेंबांची यादी घेऊन घरी आलो.

पुढं बराच काळ त्या थेंबांवर काढला. त्रास वाढत गेला तेव्हा दुसरीकडं दाखवलं. तिथं नवा फोटो निघाला, खालच्या दोन्ही पापण्यांत बऱ्याच ग्रंथी गेलेल्या. त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'जुना फोटो आहे का?' का विचारतात ते त्यांनी नीट समजावलं. ग्रंथी एकदा पूर्ण गेली की ती परत येईल असं धरून चालता येत नाही. म्हणून त्या किती गेल्या यापेक्षा त्या अजून जातायत का, हे कळणं महत्त्वाचं. जुनंच नुकसान असेल आणि तिथंच थांबलं असेल तर शेक, मसाज आणि स्वच्छता नेटानं करायची. दोन फोटोंच्या मधल्या काळातच गेल्या असतील तर कारण शोधायला हवं. एखादं औषध असेल, गालानाकावरच्या त्वचेचा आजार असेल, संधिवातासारखा काही आजार असेल. तुलना करायला माझ्याकडं होती ती चिठ्ठी. 'मायबोस्कोर २' कशाचा, कुणालाच सांगता येईना.

मग त्या रुग्णालयाच्या रेकॉर्डच्या खिडकीशी खेटे सुरू झाले. आधी 'डॉक्टर सुटीवर आहेत, त्यांची सही लागेल.' मग 'ओपीडीच्या पेशंटला फोटो देत नाही, बिलाची कॉपी देऊ का?' एकदा तर खिडकीतल्या बाईंनी माझा नोंदणी क्रमांक टाकून स्क्रीन माझ्याकडं फिरवली. माझं नाव, तारीख, तपासणीचं नाव आणि भरलेली रक्कम, सगळं होतं. फोटोच्या जागी रिकामा चौकोन. शेवटी कुणीतरी आतून येऊन सांगितलं की मशीनचा कॉम्प्युटर बदलला, जुना डेटा त्यात घेतलेला नाही. एवढं वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? मानवतहून एसटीनं जायचं, सीझनमधली रजा, उन्हात स्टँडवर थांबायचं, तेही ज्या माणसाला उन्हात डोळा उघडवत नाही त्यानं. मला त्याचा अजून राग आहे. पैशाचं जाऊ द्या, पण कारण शोधायच्या तपासण्या शून्यापासून कराव्या लागल्या आणि नव्या फोटोची तुलना करायला आणखी काही महिने थांबावं लागलं. त्या दोन चित्रांनी हे मिनिटात सांगितलं असतं.

म्हणून ताई, तपासणीचे पैसे भरायच्या आधीच काउंटरवर विचारा, 'चारही पापण्यांचे फोटो, डावा-उजवा, वर-खाली लिहून आणि तारखेसह मिळतील का?' नाही म्हणाले तर दुसरीकडं जा. प्रिंट रंगीत नसली तरी चालते, पण पेनड्राइव्हवर किंवा मेलवर मूळ फाइल मिळाली तर उत्तम. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून स्क्रीनचा मोबाइलनं फोटो घ्या, त्यात तुमचं नाव आणि तारीख येऊ द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांत रुग्णानं मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्याव्यात असं आहे. लेखी अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी मागण्याला खिडकीवर किंमत नसते. पण नोंदी ३ वर्षं जपण्याची जी अट त्या नियमांत आहे ती दाखल झालेल्या रुग्णांसाठी आहे. आपण ओपीडीवाले, म्हणून त्याच दिवशी घेतलेलं बरं.

फोटो हातात का हवा याला आणखी एक कारण आहे. पापणी पूर्ण उलटली नसेल तर कडेच्या ग्रंथी फोटोत येतच नाहीत आणि त्या गेल्यासारख्या दिसतात. उजेडाची चमक आली तरी तसंच. नुसत्या अंकावरून हे कळत नाही, फोटो बघणाऱ्या डॉक्टरला लगेच कळतं. वयानंही थोड्या ग्रंथी कमी होतात, तेव्हा '१' बघून घाबरू नका.

आणि फोटोत ग्रंथी दिसते, तिचं काम दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी पापणीची कड बोटानं किंवा छोट्या साधनानं दाबून तेल कसं येतं ते बघायला हवं. चांगलं तेल स्वच्छ, पातळ. बिघडलेलं आधी गढूळ, मग दाणेदार, आणि शेवटी टूथपेस्टसारखं घट्ट बाहेर येतं. माझं असंच आलं होतं, आणि ॲलर्जीच्या थेंबांनी का फरक पडत नव्हता ते मला तेव्हा कळलं. हे दाबून बघणं ज्यांनी केलं नाही त्यांचा निदानावरचा शब्द मी तरी शेवटचा मानणार नाही.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात. बुबुळावर गोल कड्यांचा उजेड टाकून ती कडी किती सेकंदांत मोडतात, म्हणजे अश्रूंचा थर किती वेळ टिकतो, ते मशीन मोजतं. पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात हेच डॉक्टर स्वतः बघतात. त्यात १० सेकंदांच्या आत थर फुटला तर गडबड धरतात. खालच्या पापणीच्या काठावरच्या पाण्याची उंची ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पाणीच कमी बनतंय असं समजतात. काही ठिकाणी तेलाच्या थराची जाडीही नॅनोमीटरमध्ये देतात. कागदाची पट्टी पापणीत अडकवून ५ मिनिटं ठेवतात ती शर्मर तपासणी. यात क्रम महत्त्वाचा आहे. डोळ्याला न लागणाऱ्या तपासण्या आधी, मग रंग, पट्टी आणि पापणी दाबणं. पट्टी आधी लावली तर डोळा चाळवतो आणि पुढचे आकडे बिघडतात. हे तिथं नम्रपणे विचारायला काही हरकत नाही. रंग आणि पट्टीच्या तपासणीला महागडं मशीन लागत नाही. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, दाखवायचं असेल तर निदान तेवढं तरी नक्की मागा.

आता माझं मत, पटलं तर घ्या. फोटो दाखवून त्याच टेबलावर गरम उपचाराचं किंवा लाइटच्या सिटिंगचं पॅकेज सांगितलं तर त्या दिवशी हो म्हणू नका. ते उपचार खोटे आहेत असं मी म्हणत नाही, काहींना चांगला गुण येतो. पण फोटोतला करडा पट्टा दाखवला की माणूस भितो आणि भीतीत सही करतो. घरी या, आधी मन लावून शेक करा. शेक म्हणजे तळहात घासून किंवा रुमालावर फुंकर मारून डोळ्याला लावणं नव्हे, त्यानं घट्ट तेल विरघळत नाही. पापणीला साधारण ४० अंशांची ऊब ५ ते १० मिनिटं सलग मिळायला हवी. ओला रुमाल मिनिटाभरात गार होतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. मनगटावर लावून बघा, चटका बसता कामा नये. त्यानंतर लगेच मसाज, वरची पापणी खाली आणि खालची वर, दोन्ही कडेच्या दिशेनं. घरच्या वडीलधाऱ्यांना मधुमेह असेल तर त्यांचा शेक डॉक्टरांना विचारूनच.

काजळ. तुम्ही लावता की नाही माहीत नाही, पण पापणीच्या आतल्या कडेवर ओढलेलं काजळ थेट या ग्रंथींच्या तोंडांवर बसतं. घरी तुपावर धरलेलं असलं तरी. आमच्या हिनं ते सोडलं तर पापण्या चिकटणं निम्म्यावर आलं. मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यात घालू नका, कुणीही कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

थेंबांबद्दल दोन गोष्टी. तुमच्या 'ॲलर्जी'च्या बाटल्यांपैकी एखादीत स्टेरॉइड आहे का ते बघा. मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने स्टेरॉइड घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. आहे असं दिसलं तर स्वतःच बंद करू नका, बाटली डॉक्टरांना दाखवा. दुसरं म्हणजे, दिवसातून अनेकदा कृत्रिम अश्रू घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेले थेंब सतत घातले तर डोळ्याच्या पृष्ठभागाला तेच त्रास देतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कधी घेतल्या असतील तर तेही सांगा, त्यांचा या ग्रंथींवर परिणाम होतो. सर्दी-खाजेच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे आणखी कोरडे पडतात, तुमच्या बाबतीत हे जास्त लागू आहे असं वाटतं.

जायच्या दिवशी सकाळपासून डोळ्यात काही घालू नका, औषधाचे थेंब चुकवायचे की नाही ते मात्र आधी फोन करून विचारा. काजळ, क्रीम काही नको. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि बाटल्या पिशवीत घ्या. रिपोर्ट आला की पापणीनुसार अंक आणि सेकंदांचा आकडा इथं लिहा, मी माझे जुने कागद काढून ताडून बघतो. फोटो मात्र इथं टाकू नका, त्याच्या कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो.