आसगावच्या फ्रेंच बिस्त्रोत पहिल्यांदा जाताना

आधी फोन करून टेबल बुक कर. गोव्यातल्या आसगाव-शिवोलीकडच्या बिस्त्रो, म्हणजे साध्या फ्रेंच खानावळी, छोट्या असतात, आणि पावसाळ्यात काही बंदही असतात. आत गेल्यावर भिंतीवर काळा फळा असेल तर मेनूकार्डाआधी तो वाच. त्या दिवसाचा खास पदार्थ खडूने तिथेच लिहितात, आणि माझ्या मते तोच मागवावा.

पहिल्या खेपेला कांद्याचं सूप घेच! कांदा मंद आचेवर पाऊण तास तरी परतावा लागतो, तेव्हा कुठे तो तपकिरी, गोडसर होतो. वर पावाची चकती, त्यावर ग्रुयेर चीज, आणि भांडं भट्टीतून थेट टेबलावर. चीजचा खरपूस थर चमच्याने फोडलास की आतून वाफ उसळते, म्हणून पहिला घोट जपून घे. यातलं पाणी बहुधा बीफच्या हाडांचं असतं. खात नसशील तर आधीच विचार, त्यात संकोच कसला?

कोक ओ व्हँ म्हणजे वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी. शाकुतीचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्श्याचा झणका तिच्यात शोधू नकोस. ताटलीत उरलेला रस्सा मात्र पावाने बिनधास्त पुसून खा, फ्रेंच लोकही घरी तेच करतात. घाईत जाऊ नकोस. दोन तास तरी हाताशी ठेव. आणि बिल आपणहून मागायचं, फ्रान्सची रीतच तशी आहे.