वहिनींना एकटं सोडायचं की नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दिवाळीच्या खरेदीत सोलापूरच्या नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात वहिनींना एकाएकी घाबरं झालं, छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण जातोय असं वाटलं. दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवलं. पुढे ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर सगळं झालं, काही निघालं नाही. तेव्हापासून त्या एकट्या गेटबाहेर जात नाहीत, सिटी बस बंद, यंदा गड्ड्याच्या जत्रेलाही आल्या नाहीत. आई म्हणतात बाहेरचं आहे, तुमचे दादा म्हणतात मनाचे खेळ आहेत. आणि तुम्ही घरातले सगळे त्यांना क्षणभरही एकटं सोडत नाही, हे बरोबरच आहे ना, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. तुमची सोबत मायेची आहे, पण आत्ता ज्या तऱ्हेने चाललीय त्या तऱ्हेने ती दुखण्याला खतपाणी घालतेय. हे ऐकायला कडू आहे, ठाऊक आहे. मी डॉक्टर नाही. या दुखण्यात स्वतः काही वर्षं काढलेली आणि त्यातून बाहेर आलेली बाई आहे. माझ्याही घरी अशीच सोबत होती.

निदान डॉक्टरांनीच करायचं, पण तुम्ही सांगितलेल्या खुणा अ‍ॅगोराफोबियाच्या दिसतात. लोक याला गर्दीची भीती समजतात. गर्दी निमित्तमात्र. आतली धास्ती अशी असते की इथे मला काही झालं तर पटकन निघता येणार नाही, आणि धरायला कुणी नसेल. म्हणूनच भरलेली बस आणि रिकामं होम मैदान या दोन उलट्या जागा एकाच माणसाला सारख्याच छळतात. निदान करताना पाच प्रकारच्या परिस्थिती बघतात: बस-रेल्वेसारखा प्रवास, मोकळी मैदानं-पूल, दुकान-थिएटरसारख्या बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या निदान दोन ठिकाणी ही भीती हवी आणि ती साधारण ६ महिने टिकलेली हवी. दिवाळी ते आता एप्रिल, म्हणजे तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. पण उपचार घ्यायला ६ महिने मोजत बसायचं कारण नाही.

आता दुकानात काय झालं ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना शरीराचा धोक्याचा भोंगा वाजतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर होतो. त्या भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळेच बोटांना मुंग्या, गरगरणं, सगळं खोटं-खोटं वाटणं. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. चक्कर येऊन पडेन असं वाटत राहतं, पण पॅनिकमध्ये प्रत्यक्ष शुद्ध हरपणं क्वचितच होतं. शुद्ध हरपायला रक्तदाब उतरावा लागतो आणि इथे तो चढलेला असतो. आपल्याकडे मात्र लगेच ‘बीपी लो झाला’ म्हणून बाटली लटकवतात.

आणि खरी गोम इथेच आहे. अटॅक आपला आपण ओसरणारच होता. पण तेवढ्यात सलाईन अर्धी संपलेली असते, म्हणून श्रेय सलाईनला जातं. दुकानातून पळत बाहेर आलं तर श्रेय पळण्याला. तुम्ही हात धरला तर श्रेय तुमच्या हाताला. पाण्याची बाटली, पर्समधली गोळी, दाराजवळची खुर्ची, फोनवर सतत चालू असलेलं बोलणं, एकेक करून सगळे वाटेकरी होतात. ज्या शरीराने स्वतः ते वादळ शमवलं त्याला कुणी विचारत नाही. मग मेंदूचा हिशेब पक्का होतो: हे सगळं होतं म्हणून वाचले, नसतं तर गेले असते. पुढच्या वेळी ती जागाच टाळायची. आधी नवी पेठ, मग बस, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान, मग गेट.

सोबतीची ही गोष्ट नवी नाही. १८७१ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं, तेव्हा त्यांनी ज्या तीन रुग्णांची हकिकत मांडली त्यांना मोकळा चौक ओलांडता येत नसे. बरोबर कुणी असलं, किंवा नुसती हातात काठी असली, तरी त्यांना हायसं वाटायचं. तिघंही पुरुष होते, हे तुमच्या दादांना जरूर सांगा. बायकांमध्ये याचं प्रमाण जास्त, जवळपास दुप्पट आढळतं, पण बायकांचं नाटक म्हणून ते उडवून लावता येत नाही.

आपल्या गावात अजून एक अडचण आहे. पुरुष घराबाहेर पडेनासा झाला तर आठवड्यात गल्लीत चर्चा होते. बाई पडली नाही तर तिला घरंदाज म्हणतात. शहराच्या पूर्व भागात किती बायका घरात बसून विड्या वळतात. पानं-तंबाखू आणणं आणि वळलेल्या विड्या नेऊन देणं दुसऱ्या कुणी केलं, तर एखादी वर्षानुवर्षं उंबरठा ओलांडत नाही हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्या घरात ते सहा महिन्यांत लक्षात आलं, हे चांगलं आहे. असंच सोडून दिलं तर या दुखण्यातून आपोआप पूर्ण सुटणारे फार थोडे.

उपचारांमध्ये सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, आणि तिचा गाभा एक्सपोजर. ज्या जागेची भीती आहे तिथे ठरवून, पायरीपायरीने जायचं, भीती येऊ द्यायची आणि ती वरून खाली येईपर्यंत तिथून हलायचं नाही. ‘मन घट्ट कर’ म्हणून थेट गर्दीत ढकलणं याला एक्सपोजर म्हणत नाहीत, ते दादांना करू देऊ नका. पायऱ्या वहिनींनी ठरवायच्या. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, तर आधी गेटबाहेर दहा मिनिटं उभं राहणं, मग कोपऱ्यावरून दूध आणणं, मग रिक्षाने सात रस्ता, मग आडवारी निवांत वेळी सिद्धेश्वराचं मंदिर. तिथे तळ्याकडेची वाट मोकळी असते आणि पटकन बाहेर पडता येत नाही, म्हणजे सरावाला उत्तम. नंतर सिटी बस, मग संध्याकाळची नवी पेठ, मग मंगळवार बाजार. हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठायचं ते पार वर. एक पायरी जमली की लगेच पुढची घ्यायची घाई नको, तीच पुन्हा करायची, वेगळ्या वेळी, वेगळ्या दिवशी. आणि जाण्याआधी ‘काय होईल असं वाटतं’ हे लिहायचं, आल्यावर ‘काय झालं’ हे लिहायचं. माझ्या वहीत पहिल्या रकान्यात पानोपान ‘पडेन’ लिहिलेलं आहे.

भीती शून्यावर आली तरच सराव यशस्वी, असा समज करून घेऊ नका. धडधड होती आणि तरीही मी उभी राहिले, एवढं मेंदूने पाहिलं तरी पुरे.

सोबत सोडायची ती याच शिडीवर. पहिल्यांदा तुम्ही शेजारी, मग दहा पावलं मागे, मग चौकात चहाच्या टपरीवर, मग घरी, आणि शेवटी फोनही न करता. मध्येच घाबरं झालं तर ‘चल, घरी जाऊ’ म्हणू नका. ‘थांबू या, उतरेल’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. आपली माणसं या वेळी फार बोलतात बघा. वहिनींनी करायची कामंही एकेक करून त्यांना परत द्या. भाजी तुम्ही आणता ना? ती बंद करा, पण आधी सांगून, भांडून नव्हे.

काही थेरपिस्ट धडधडीचीच सवय करवतात: जागच्या जागी पळणं, खुर्चीत गोल फिरणं, नळीतून श्वास घेणं. अटॅकसारख्या संवेदना मुद्दाम आणायच्या म्हणजे त्यांचा धाक जातो. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा दिवस गेलेले असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. उन्हाचंही तसंच. सोलापूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर. भर दुपारी जो घाम आणि गरगर होते ती खरोखरची उन्हाची असू शकते. सराव सकाळी किंवा सांजेला करा. आणि चालताना-चढताना छातीत दाब येणं, तो हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, हे पॅनिक समजून अंगावर काढायचं नाही.

गोळ्यांबद्दल. यात एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातली औषधं देतात. ती कमी डोसने सुरू करतात. पहिले काही दिवस मळमळ किंवा उलट जास्तच बेचैनी होऊ शकते, आणि गुण यायला काही आठवडे जातात. याच टप्प्यावर बरेचजण ‘गोळी सोसली नाही’ म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने ते वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांचं वेगळं आहे. अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटतं, पण सवय लागते, आणि वर सांगितलेला श्रेयाचा घोळ तिथेही होतो: सराव केला वहिनींनी, नाव झालं गोळीचं. तुम्ही लिहिलंय की वहिनी जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी अजून घेताहेत. ती कोणती हे बघा, आणि एकदम बंद मात्र करू नका. रोज घेत असतील तर अचानक सोडल्याने फिट येण्याचाही धोका असतो. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने.

आईंच्या अंगाऱ्याशी भांडू नका. मीही लावून घ्यायचे. फक्त अंगारा आहे म्हणून औषध नको, असं होऊ देऊ नका.

सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. खासगीत जाणार असाल तर ‘एक्सपोजर करून घेता का’ हे आधी विचारा. नुसती चिठ्ठी लिहून देणारे पुष्कळ आहेत. घराबाहेर पडायच्याच आधी बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटतं असं काही त्या बोलल्या तर पायऱ्या-बियऱ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्यांना एकटं ठेवू नका.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि टाळलेल्या जागांची यादी न्या. यादी वहिनींच्या अक्षरात असू द्या. रांगेत उभं राहणं आज झेपणार नसेल तर केसपेपर तुम्ही काढा, त्यांना बाहेर बाकावर बसू दे. पण नंबर आल्यावर आत त्यांना जाऊ द्या, आणि डॉक्टरांनी ‘काय होतंय’ विचारलं की उत्तर तुम्ही देऊ नका.